सॅचमोने किंग ऑलिव्हर वाजवला म्हणे. त्यात ऑलिव्हर कुठे आहे?

तबकडीवेडा
परवा इथे एकाने लिहिलं की जॅझचा ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग ऊर्फ सॅचमो याची 1959 साली मुद्रित झालेली ‘सॅचमो प्लेज किंग ऑलिव्हर’ ही तबकडी घरात असली की त्याचा गुरू, कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचं आखूड भावंड) जो ‘किंग’ ऑलिव्हर, याच्या 1923च्या खरखरणाऱ्या तबकड्या ऐकायची गरज उरत नाही. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

बारा गाण्यांची यादी बघा. ‘चाइम्स ब्लूज’ आणि ‘डॉक्टर जॅझ’ ऑलिव्हरची, मान्य. पण ‘बिग बटर अँड एग मॅन’ आर्मस्ट्राँगने 1926 साली स्वतःच्या हॉट फाइव्ह या बँडबरोबर गाजवलेलं. ‘माय ओल्ड केंटकी होम’ स्टीफन फॉस्टरचं, ऑलिव्हर जन्मायच्या आधीचं. आणि ज्याच्यावाचून ऑलिव्हरचं नाव घेता येत नाही ते ‘डिपरमाउथ ब्लूज’ गायब! ही कसली मानवंदना?

ते ‘डिपरमाउथ’ एकदा हेडफोन लावून ऐका. एप्रिल 1923, इंडियानातलं रिचमंड, जेनेट या तबकडी कंपनीचा स्टुडिओ. माइक नाही, अख्खा बँड ध्वनिमुद्रणाच्या एका भोंग्यासमोर. मोठा ड्रम त्या यंत्राला झेपत नाही म्हणून ड्रमवाल्या बेबी डॉड्सच्या वाट्याला लाकडी ठोकळे. त्या ठकठकीवर ऑलिव्हर कॉर्नेटच्या तोंडाशी म्यूट (आवाज दाबायचं झाकण) धरून उघडझाक करतो आणि पितळ बोलायला लागतं, झोपेतून उठलेल्या पोराने आईला हाका माराव्यात तसं. बारा-बारा ‘बार’ची (बार म्हणजे तालाचं एक माप) तीन आवर्तनं. मग मागून कुणीतरी ओरडतं, ‘ओ, प्ले दॅट थिंग!’ हे 1959च्या चकचकीत स्टिरिओत कुठे सापडतं ते दाखवा.

खालचा_सा
यादी मोजून मानवंदना ठरत नाही, साहेब. जून 1959 मध्ये इटलीत स्पोलेटोला आर्मस्ट्राँगला हृदयविकाराचा झटका आला. तीन महिन्यांत तो ट्रंपेट घेऊन स्टुडिओत उभा होता. कुणासाठी? ज्याने 1922 साली तार करून त्याला शिकागोला बोलावून घेतलं, त्या पापा जोसाठी, म्हणजे ऑलिव्हरसाठीच. आर्मस्ट्राँगचा पहिला ध्वनिमुद्रित सोलो ‘चाइम्स ब्लूज’वरच आहे. 36 वर्षांनी तो त्याच गाण्याकडे परत येतो, याला काय म्हणायचं?

गुरुजी गेले तेव्हा मी त्यांचाच मारवा त्यांच्याच जागांसकट गायलो. काकू रडल्या. मला मात्र आठ दिवस झोप नाही. एका तानेच्या मध्ये ते थांबायचे ते दम लागायचा म्हणून, आणि मी तो दमसुद्धा उचलला होता. तेव्हापासून हुबेहूब हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो.

न्यू_ऑर्लिन्स_वाचक
ऑलिव्हरच्या तबकड्या तरी आहेत. त्याच्याही आधीचा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला बडी बोल्डन, त्याची एकही सापडलेली नाही, त्याला मानवंदना कशी देणार?

तबकडीवेडा
तुमच्या मारव्याचं पटलं. झटक्याचंही मोठंच आहे, नाही म्हणत नाही. पण 1937 साली अमेरिकेतल्या सव्हाना शहरात ऑलिव्हर भाजी विकताना भेटला, हे आर्मस्ट्राँगनेच सांगितलंय. हिरड्यांच्या दुखण्याने दात गेले, कॉर्नेट सुटलं, शेवटी पूल हॉलमध्ये झाडलोट. एप्रिल 1938 मध्ये माणूस गेला. त्याचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापता, मग आत त्याचं वाजवणं तरी हवं ना?

म्हापसेकार
नाव छापलं तरी! आमच्या गोव्याच्या वादकांचं तेवढंही झालं नाही. माझे आजोबा चर्चच्या शाळेत मेस्तांकडे (संगीतशिक्षकाकडे) सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकले आणि ट्रंपेट घेऊन मुंबईला गेले. स्टुडिओत नोटेशन लिहून द्यायचे, वाजवायचे, संध्याकाळी रोख पैसे घेऊन धोबीतलावच्या खोलीवर परत. पडद्यावर संगीतकाराचं नाव, केशभूषावाल्याचं नाव, यांचं नाही. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट ऊर्फ आंतोनियो झेवियर वाझ आमच्या आल्दोनाचा. ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणायचे त्याला. त्याच्यासारखा घोगरा आवाज, त्याच्यासारखा पांढरा रुमाल. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जे पितळ ऐकून तुम्ही डोलता, त्याच्यामागे कोण होतं ते कधी विचारलंत?

चितळकरप्रेमी
झालं, आला विषय अण्णांवर, म्हणजे आमच्या सी. रामचंद्र चितळकरांवर! चाल अण्णांची, लय अण्णांची, गळासुद्धा अण्णांचा. ‘अलबेला’ सिनेमात चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतो. एवढं तेव्हा दुसऱ्या कुणी केलं होतं? चाल चोरली असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

म्हापसेकार
शब्द माझ्या तोंडी घालू नका. चालीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. कुठे ट्रंपेट शिरेल, कुठे क्लॅरिनेट उत्तर देईल, हे कागदावर उतरवणाऱ्याचं नाव द्यायला काय पडलं असतं? आजोबांच्या वरच्या ओठावर माउथपीसची गोल खूण होती, शेवटपर्यंत गेली नाही. आम्हा पोरांना तेवढाच पुरावा.

चितळकरप्रेमी
आजोबांबद्दल आदर आहे, तो वेगळा. श्रेयनामावलीत अन्याय झाला, हेही मान्य करतो. पण त्याचं खापर अण्णांवर फोडू देणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही.

खालचा_सा
म्हापसेकार, तुमच्याच उदाहरणाने धागा मूळ जागी येतो. चिकने आर्मस्ट्राँगचा रुमालसुद्धा घेतला. आर्मस्ट्राँगने मात्र ऑलिव्हरची उघडझाक घेतली नाही, कारण ती आपली नव्हे हे त्याला विशीतच कळलं होतं. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

म्हापसेकार
चिकला कमी लेखू नका. आर्मस्ट्राँगला ऑलिव्हर शेजारी मिळाला, एका स्टँडवर. चिककडे फक्त तबकड्या होत्या. समुद्रापलीकडून एवढंच हाती लागलं तर माणूस आधी तेच उचलणार.

तबकडीवेडा
हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. काल दोन्ही ‘चाइम्स ब्लूज’ लागोपाठ लावले, आधी 1923, मग 1959. दुसऱ्यात आर्मस्ट्राँग घाई करत नाही, एवढं कबूल करतो. यादीबद्दलचं मत बदललेलं नाही, ‘डिपरमाउथ’ हवंच होतं. म्हापसेकार, आजोबांच्या हातचं नोटेशन घरात काही उरलंय का?

म्हापसेकार
एक वही आहे. वाळवीने कोपरे खाल्लेत. कुठल्या गाण्याचं आहे ते वर लिहिलेलं नाही. चुलतभाऊ व्हायोलिन वाजवतो, रविवारी त्याच्यासमोर धरतो.