यादी निघते, की निघत नाही

काँप्युटरवरच्या प्रोग्रॅमची आणि त्यांच्या लायसन्सची यादी एक्सेल शीटमध्ये ठेवावी, अशी एक कल्पना आहे. चांगली आहे, फक्त प्रोग्रॅमची नावं हाताने टाइप करत बसू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंगेट’ हे कमांड लिहून प्रोग्रॅम बसवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन चालतं. त्याची ‘लिस्ट’ ही कमांड आवृत्तीसकट यादी दाखवते. ‘एक्स्पोर्ट’ने फाइल करून ठेवली, तर नव्या मशीनवर ‘इम्पोर्ट’ने बरंचसं परत बसवता येतं. बरंचसं म्हणतोय, कारण जे विंगेटच्या भांडारात नाही ते त्या फाइलमध्ये येत नाही.

खरी गोची लायसन्सची. ‘लागेल तेव्हा काँप्युटरमधून शोधून काढू’ यावर विसंबू नका. ऑफिस २०१३ पासून पूर्ण प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) मशीनवर राहतच नाही, शेवटची ५ अक्षरं तेवढी मिळतात. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की सहसा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. बोर्ड बदलला की तीही गेली.

म्हणून शीटमध्ये आणखी दोन रकाने हवेत: कुठल्या ईमेलवर घेतलं आणि किती मशीनवर चालू केलं. पहिला रकाना मी ठोकर खाऊन शिकलो. एक लायसन्स जुन्या नोकरीच्या ईमेलवर घेतलं होतं. नोकरी सुटली, ईमेल बंद, लायसन्स गेलं. दुसरा रकाना मशीन फॉरमॅट मारण्याआधी आठवतो, निदान आठवायला हवा; तेव्हा आधी त्या मशीनवरचं लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट करा.

की मात्र शीटमध्ये नको. कीपाससारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, त्या नोंदीला पावतीची पीडीएफही जोडता येते.