ग्राफिक डिझाइन शिकायचंय? मग पहिले तीन महिने रंगाला हात लावू नका

जुळारी (सातारा)

माझा भाचा बारावीनंतर तीन महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा क्लास करून आला. आल्या आल्या फोटोशॉपमध्ये माणसाच्या डोक्यामागून ज्वाळा काढून दाखवल्या. म्हटलं, छान. आता शेजारच्या काकांची वास्तुशांतीची पत्रिका लाव. दोन तासांनी समोर जे आलं त्यात पाच फॉन्ट, सोनेरी ग्रेडियंट, प्रत्येक अक्षराला सावली आणि पत्त्याच्या चौपट मोठा गणपती. जेवणाची वेळ काय, ते शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

पोरगा हुशार आहे, दोष त्याचा नाही. त्याला साधनं शिकवली, मांडणी कुणी शिकवलीच नाही. बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, करतोय, त्या जोरावर एक ठाम मत मांडतो, जोडे मारायचे तर मारा.

नवशिक्यानं पहिले तीन महिने फक्त मराठी मजकूर मांडावा. काळा रंग, पांढरा कागद, एकच फॉन्ट. चित्र नाही, चौकट नाही, लोगो तर नाहीच. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा 'मुक्त' फॉन्ट फुकट मिळतो, त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत, त्यातली दोन घ्या. एखाद्या कार्यक्रमाचं मॅटर घ्या: काय, कोण, कधी, कुठे. ए-फोरवर लावा, प्रिंट काढा, भिंतीला चिकटवून दहा फूट मागे सरका. आधी काय दिसलं? मंडळाचं नाव दिसलं आणि तारीख दिसली नाही, तर परत बसा. आकार, जाडी आणि मोकळी जागा या तिघांतच काम झालं पाहिजे. ज्याला एवढ्यावर नजर खिळवता येत नाही, त्याच्या हातात रंग दिला की तो उणीव रंगानं झाकतो, आणि आयुष्यभर झाकत राहतो.

दुसरा अभ्यास म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. १९७३ पासून घराघरात आहे, म्हणून आपण ते बघतच नाही. एका महिन्याच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलीनं नुसत्या चौकटी काढा. टीचभर घरात तारीख, तिथी, सण, सगळं कोंबलेलं असूनही आजीला चतुर्थी सापडते आणि नातवाला सुट्टी. कशामुळे सापडते, ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.

कर्व्हमास्तर (इचलकरंजी)

साफ असहमत. साहेब, तुमचं दुकान जमलेलं आहे म्हणून हे सुचतंय. माझ्याकडं पोरगं कामाला येतं तेव्हा त्याला पहिल्या महिन्यात पगार द्यावा लागतो. रात्री नऊला गिऱ्हाईक येतं, सकाळी सहाला दहा बाय आठचा फ्लेक्स चौकात पाहिजे. तिथं भिंतीला कागद चिकटवून मागं सरकायला जागा बी नाही आणि वेळ बी नाही.

आधी हात बसला पाहिजे. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये पी दाबलं की पानाच्या मध्यात, सी आणि ई नं एकमेकांच्या मध्यात, फोटो पॉवरक्लिपनं चौकटीत, शेवटी कंट्रोल-क्यू मारून मॅटर कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार. हे डोळे मिटून आलं की पोट भरतं. पोट भरलं की नजर येते.

आणि श्रेणीक्रम, म्हणजे आधी काय दिसावं आणि नंतर काय, ते आम्हाला शिकवू नका. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वर गोलात कुणाचे फोटो, कुठल्या क्रमानं, मधला उभा फोटो केवढा, खाली शुभेच्छुकांची रांग कशी, यात अर्धा इंच चुकला तर दुकानापुढं भांडण होतं. कुठला क्लास एवढं कडक शिकवतो सांगा. तुमची ती मोकळी जागा मी एकदा ठेवली होती. गिऱ्हाईक म्हणालं, "हितं अजून चार पोरं बसतील की."

जुळारी

हा हा, ते चौकातलं पटलं. पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तुमच्या पोराला कुणाचा फोटो मोठा हे गिऱ्हाईक सांगतं. ज्या दिवशी गिऱ्हाईक न सांगता नुसतं मॅटर पाठवेल, त्या दिवशी काय करणार? माझ्या भाच्यानं गणपती मोठा केला, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

पिक्सेलपांडू (पुणे)

ॲप डिझाइनच्या नोकरीत आहे, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहितो. मजकुरापासून सुरुवात, हे मान्य. पण 'मराठी'च मजकूर हा हट्ट का? कॉन्ट्रास्ट, अलाइनमेंट, जवळीक, मोकळी जागा ही तत्त्वं कुठल्याही लिपीत तीच. यूट्यूबवर इंग्रजीत उत्तम व्हिडिओ आहेत, नोकरीचं कामही इंग्रजीतच असतं. नवशिक्याला देवनागरीत अडकवून त्याचे तीन महिने घालवू नका. तत्त्व आलं की लिपी कुठलीही असो.

जुळारी

इथं मात्र हटणार नाही. त्याच व्हिडिओंमधला पहिला सल्ला बघा: मथळा सगळा कॅपिटलमध्ये करा आणि अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा, भारदस्त दिसतं. आपल्याकडे कॅपिटल नाहीतच. आणि अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या बघा, असे बोळके शब्द ढीगभर सापडतील. तत्त्व पाळलंय सगळ्यांनी!

ओळींमधल्या अंतराचं तसंच. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के येतं. इंग्रजीला पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीत 'ट्टू' आणि त्याच्याच खाली 'र्कीं' आला की दोघांची टक्कर. मी मजकुराला दीडपटीच्या आसपास जातो. तिरपी अक्षरंही तशीच: त्यांच्याकडे इटालिकला काही शतकांची परंपरा आहे, आपण नुसतं तिरकं ढकलतो आणि त्याला जोर देणं म्हणतो.

शिवाय अक्षराची निवड. मराठी वळणाचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. २००९ च्या शासन निर्णयातही तसंच आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी वळणाला संकेतांक एकच, त्यामुळे कुठलं वळण उमटणार ते फॉन्ट आणि भाषेची सेटिंग ठरवते. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर डोंगरातला माणूस समुद्रात पडतो. हे इंग्रजी व्हिडिओत कोण सांगणार?

पिक्सेलपांडू

शिरोरेषेचा मुद्दा मान्य, मी स्वतः एका बँकेच्या मराठी स्क्रीनवर ती चूक केली आहे. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आली नाही, हे अजून वाईट. पण हे सगळं पहिल्या पायरीच्या पुढचं वाटतं. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात रफार दाखवलात तर तो पळून जाईल.

जुळारी

रफार त्याला पहिलीपासून येतो. पळेल कसा?

मीनलवहिनी (नागपूर)

मध्येच घुसते. मी घरून चिवडा आणि चकली विकते. कॅनव्हा ॲपवर लेबल करते, क्लास नाही, काही नाही. तुमच्या हिशेबानं मी तीन महिने चिवडा बंद ठेवून काळी-पांढरी पत्रकं लावू का? सगळ्यांनाच डिझायनर व्हायचं नसतं जी. काहींना फक्त आपलं लेबल शेजारणीच्या लेबलापेक्षा बरं दिसायला हवं असतं.

तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात आपलं नाव टाकलं, झालं. त्रास एकच होतो. टेम्प्लेटमधला तो नक्षीदार इंग्रजी फॉन्ट मराठी टाइप करताच गायब होतो आणि भलतंच अक्षर येतं, मग सगळं बेढब. असं का होतं, कोणी सांगेल का?

जुळारी

वहिनी, तुम्हाला तीन महिने नकोत, तीन संध्याकाळी पुरेत.

त्या नक्षीदार फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, म्हणून सॉफ्टवेअर त्याच्याजागी दुसरा फॉन्ट घालतं. टेम्प्लेटची सगळी ऐट त्या इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असते, ती अक्षरं गेली की ऐटही जाते. आधी मराठी फॉन्ट निवडा, मग त्याला साजेसं टेम्प्लेट शोधा. नावाला 'बलू'सारखं गुबगुबीत अक्षर चकलीवर शोभेल, बारीक मजकुराला साधं काहीतरी.

आणि लेबल हा तर उत्तम अभ्यास आहे. नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, परवाना क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. एवढं सगळं हाताएवढ्या कागदावर. काय ओरडून सांगायचं आणि काय हळू पण वाचता येईल असं, हे तुम्ही रोज ठरवताच की.

मीनलवहिनी

आता कळलं. म्हणजे मी टेम्प्लेटला दोष देत होते तो फुकट. तरी टेम्प्लेट वाईट नाही यावर मी ठाम आहे. आम्ही रांगोळीसुद्धा आधी ठिपक्यांची शिकलो न.

ड्रॉइंगपेपर (ठाणे)

दोन्ही बाजू संगणकापाशीच अडकल्यात. अप्लाइड आर्टची चार वर्षं केलेला माणूस म्हणून सांगतो, सुरुवात फॉन्ट निवडण्यानं नव्हे, अक्षर हातानं काढण्यानं होते. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेत भूमितीसोबत अक्षरलेखन असतं ते उगाच नाही. 'अ' चा पोटातला पांढरा आकार ब्रशनं सांभाळलात की मोकळी जागा म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. र. कृ. जोशींचंच घ्या. विंडोजमधला 'मंगल' त्यांचा. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलं, पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, आणि मुळात ते सुलेखनकार आणि कवी. हातातून आलेलं अक्षर संगणकात गेलं, उलटं नाही. अक्षरकार कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावं आठवा: शीर्षक वाचण्याआधी नाटकाचा मूड कळायचा. तसलं 'मुक्त'च्या दोन वजनांतून येणार आहे का?

कर्व्हमास्तर

शेडगे एक झाले. आमच्या गल्लीत एलिमेंटरी-इंटरमिजिएट ए ग्रेडवाले तिघं आहेत. तिघंही दहावीचे वाढीव मार्क घेऊन इंजिनियर झाले.

ड्रॉइंगपेपर

हे खरं आहे आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

जुळारी

ड्रॉइंगपेपर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ही अट घातली की नव्वद टक्के पोरं दारातच परत फिरतात. (आकडा माझ्या मनातला आहे, पुरावा मागू नका.) माझं अक्षर आजही डॉक्टरांसारखं आहे. मांडणी करता येते, कारण चांगली पानं पुष्कळ पाहिली आणि वाईट पानं त्याहून जास्त लावली. अक्षर काढणं वेगळी कला, लावणं वेगळी. निर्णयसागर छापखान्याच्या काळातही अक्षरांचे खिळे पाडणारा वेगळा आणि जुळवणारा वेगळा होता. मी जुळवणारा. नाव उगाच घेतलेलं नाही.

ऑफसेटवाला (फोंडा)

तुमचं चालू द्या. माझं म्हणणं एवढंच की जो कोण शिकतोय त्याला एक दिवस प्रेसवर उभा करा. मोबाइलवर झगझगीत दिसणारा निळा आणि पोपटी छापल्यावर मळका का होतो, ते शाईच्या चार रंगांसमोरच कळतं, पडदा उजेड फेकतो आणि कागद नाही. बारीक मजकुराला काळा चारही रंगांचा देऊन फाइल पाठवतात. प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला लाल-निळी किनार. सिंगल ब्लॅक द्या म्हणून सांगून माझा घसा बसला. कडेला तीन मिलिमीटर जादा सोडत नाहीत, मग कापणीत पांढरी रेघ आली की दोष कटरचा.

यातलं काहीएक ना कॅनव्हाच्या टेम्प्लेटवर लिहिलेलं असतं, ना ब्रश धरून कळतं. जुळारीभाऊंची काळी-पांढरी तीन महिने मला तरी चालतील. निदान रंग बिघडवून पाठवणार नाहीत.

फुलस्टॉप

एवढा काथ्याकूट कशाला? एआयला सांगा, पाच सेकंदांत पोस्टर.

मीनलवहिनी

मागच्या दिवाळीला सांगितलं होतं. 'शुभेच्छा'मधला च्छ त्यानं असा काही काढला की सासूबाई म्हणाल्या, हे कन्नड आहे का.

नवखी_२१ (लातूर)

नमस्कार. मी सगळं वाचलं आणि जास्तच गोंधळले. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे, फोटोशॉप घ्यायला पैसे नाहीत. चित्रकला बरी आहे. उद्या सकाळी नक्की काय करू, एवढंच कुणी सांगा.

जुळारी

इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही बहुधा चालेल, ते घ्या. पुढे कधी फोटोशॉपची जुनी आवृत्ती मिळाली तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि दोष मराठीला देतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आमच्या पिढीनं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पानंच्या पानं आहेत, फॉन्ट बदलला की त्यांची नुसती चिन्हं होतात.

उद्याचं मॅटर देतो. गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला. तीन दिवस, तीन वक्ते, तीन विषय. वेळ रोज सायंकाळी ६, शेवटच्या दिवशी मात्र ५:३०. स्थळ वाचनालयाचं सभागृह, प्रवेश विनामूल्य. खाली अध्यक्ष, कार्यवाह आणि सात सदस्यांची नावं, ती वगळायची नाहीत. काळा रंग, एक फॉन्ट, दोन वजनं. शेवटच्या दिवशीची वेगळी वेळ कुणाच्याही नजरेतून सुटता कामा नये, पण ती लाल करायला तुमच्याकडे लाल नाही. तीन वेगवेगळ्या मांडण्या करा आणि इथं टाका.

ड्रॉइंगपेपर

आणि टाइप करण्याआधी तिन्ही पेन्सिलीनं काढा. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. एवढं तरी ऐका माझं.

जुळारी

हे मान्य. पेन्सिल काळीच असते.

कर्व्हमास्तर

मॅटर चांगलं आहे, मी पण रात्री लावून बघतो. पण वक्त्यांचे फोटो पाठवले नाहीत तुम्ही. आणि सात सदस्यांत उपाध्यक्ष कोण, ते सांगा, नाव कितवं घेऊ?