विषय: हायब्रीड गाडी, खानदेशचा मे महिना आणि एसी

मंडळी, नमस्कार.

पुढच्या आठवड्यात मी मस्कतहून अमळनेरला जातोय. आबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी दोन-तीनदा जळगावला न्यायचं आहे. धाकट्या भावाने यंदा हायब्रीड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी. मागच्या खेपेला रेल्वे फाटक पडलेलं, बाहेर ४५ अंश. इंजिन आपोआप बंद झालं तसं आबांनी "बॅटरी उतरी जाई" म्हणत एसी बंद करायला लावला. आबा ७८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. घरी पोचेपर्यंत पार गळून गेले होते. इंजिन बंद असताना एसी चालू ठेवला तर बॅटरीला खरंच धोका असतो का? तिकडे कोणी वापरली असेल तर कृपया सांगा.

— अमळनेरकर, मस्कत

—————

अमळनेरकर भाऊ,

आबांना माझा नमस्कार सांगा, आणि एसी अजिबात बंद करू देऊ नका. मी मूळचा भुसावळचा. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये बारा वर्षं हायब्रीड चालवतोय. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, त्यातही हीच गाडी होती.

आधी भावाला विचारा, गाडी स्ट्रॉंग हायब्रीड आहे की माइल्ड. फरक मोठा आहे. माइल्डमध्ये एसीचा कॉम्प्रेसर साध्या गाडीसारखा इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतो. इंजिन थांबलं की पंखा चालू राहतो, पण हवा कोमट होत जाते. स्ट्रॉंगमध्ये कॉम्प्रेसर विजेचा, मोठ्या बॅटरीवर चालणारा. टोयोटाच्या प्रियस गाडीत तो २००३ च्या दुसऱ्या पिढीपासून आला. पहिल्या पिढीत पट्टाच होता.

आता आबांची शंका. ती बॅटरी लहानच असते, घरच्या वीजबिलातलं साधारण एक युनिट मावेल एवढी, आणि गाडी तीही पूर्ण वापरू देत नाही. भर उन्हात एसी तिला काही मिनिटांत खाली आणतो. पण पातळी उतरली की इंजिन स्वतःहून सुरू होतं, बॅटरी भरतं, पुन्हा थांबतं. अट एकच: डॅशबोर्डवर 'रेडी' दिसलं पाहिजे आणि गियर 'पी'मध्ये हवा. आपल्याकडे फाटकात न्यूट्रल करायची सवय असते. या गाड्यांत न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, एसी मात्र ती खात राहतो. भावाला हे नक्की सांगा.

इंजिन केव्हाही सुरू होऊ शकतं, म्हणून बंद शेडमध्ये कोणाला आत बसवून एसी लावू नका. धूर कोंडतो.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता आहे. बऱ्याच गाड्यांत तिला गार ठेवणारी हवा केबिनमधूनच घेतली जाते, म्हणजे एसी लावला की माणसांबरोबर बॅटरीलाही गारवा मिळतो. त्या हवेची जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली असते. तीन वर्षांपूर्वी भुसावळहून मुंबईला निघताना आईने दिलेले बिबडे-पापडांचे डबे मी नेमके जाळीला टेकवून रचले. धुळ्याच्या पुढे बॅटरी तापल्याचा इशारा आला. डबे हलवले, निंबाच्या सावलीत अर्धा तास थांबलो, तेव्हा शांत झाली. केळीला उष्ण वाऱ्याची झळ लागू नये म्हणून बागेभोवती शेवरी लावतात ना, तेवढी काळजी या जाळीची घ्या. आपल्याकडच्या धुळीत तिचा फिल्टरही लवकर बुजतो.

निघताना काचा उघडून आतली तापलेली हवा आधी जाऊ द्या. इको मोडमध्ये एसीचा जोर कमी होतो, म्हणून पहिली दहा मिनिटं नॉर्मल. नंतर ऑटोवर २५-२६.

— भुसावळकर, फिनिक्स

—————

नमस्कार. भुसावळकर दादांच्या म्हणण्यात एक भर घालते, कारण माझ्या भावाला धुळ्यात याचा फार मोठा फटका बसला.

विजेच्या कॉम्प्रेसरचं तेल वेगळं असतं. ते वीज वाहू न देणारं एस्टर तेल. साध्या एसीतलं पीएजी तेल त्यात थोडंसं जरी गेलं, तरी आतलं इन्सुलेशन कमजोर होतं. भावाने कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला. मशीनच्या नळ्यांत आधीच्या गाडीचं तेल होतं. गाडीने वीजगळतीचा इशारा दिला आणि सुरूच होईना. कॉम्प्रेसर बदलावा लागला. मेकॅनिक मुलगा प्रामाणिक होता, त्याला कोणी हे शिकवलंच नव्हतं. गॅस भरायचा तर हायब्रीडसाठी वेगळं मशीन आहे का, हे विचारूनच भरा. आणि नारिंगी वायरींना, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जास्त दाबाच्या विजेच्या वायरींना, कोणालाही हात लावू देऊ नका.

— धुळेकर ताई, मेलबर्न

—————

दादा, ताई, मनापासून आभार.

काल आबांना जळगावला नेऊन आणलं. गाडी स्ट्रॉंग हायब्रीड आहे. जाळी मागच्या सीटखाली सापडली, तिच्यासमोर दादर ज्वारीचं पोतं होतं. ते काढलं. फाटकात पंधरा मिनिटं थांबलो, 'पी'मध्ये, एसी २५ वर. मधेच इंजिन सुरू होऊन थांबलं. आबांनी विचारलं, "बंद पडनी का?" म्हटलं, नाही आबा, बॅटरी भरून घेतली तिने. त्यांनी हात व्हेंटसमोर धरून पाहिला. हवा गार होती. मग मान मागे टेकली, आणि फाटक उघडलं तेव्हा त्यांना झोप लागली होती.

— अमळनेरकर