घरून लॉगिन करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरना दुसरा कोड सक्तीचा असावा का?

सर्व्हरवाला
आमच्या हॉस्पिटलात (कोल्हापुरातलंच, नाव नको) पुढच्या महिन्यापासून बाहेरून लॉगिन करताना पासवर्डच्या जोडीला मोबाइलमधल्या ॲपचा सहा आकडी कोड टाकावा लागणार. घरून सीटी-एमआरआय बघणारे रेडिओलॉजिस्ट, रात्री रिपोर्ट चाळणारे कन्सल्टंट, रविवारी घरी बसून कॅशलेसची कागदं पुढं सरकवणारे टीपीए (विम्याचे दावे बघणाऱ्या) डेस्कवाले, सगळे त्यात आले. वॉर्डातल्या कॉम्प्युटरला ही अट नाही. तरी बैठकीत नुसता कालवा झाला.

मी सक्तीच्या बाजूचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या विम्याची बिलं पुढं पाठवणाऱ्या कंपनीत चोर शिरले ते चोरलेला पासवर्ड वापरून, बाहेरून लॉगिन करायच्या पोर्टलवरनं. तिथं दुसरा कोड नव्हता. मालक कंपनीच्या प्रमुखानं हे तिथल्या संसदेपुढं सांगितलं, २.२ कोटी डॉलर खंडणी मोजल्याचंही. देशभरात औषधदुकानांची विम्याची बिलं अडकली. आणि आमच्याकडं निम्म्या लोकांचा पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि पुढं १२३. हरकत काय आहे ते बोला.

रात्रीचा_रिपोर्ट
हरकत माझी आहे. पहाटे पॅरालिसिसचा पेशंट येतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी बघून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. चंदगडकडनं आलेल्या पेशंटचा त्यातला निम्मा वेळ रस्त्यातच गेलेला असतो. मी झोपेतून उठून लॅपटॉप उघडणार, मग चष्मा, मग फोन, मग कोड, तोवर कोड बदलला की पुन्हा.

दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलचं उदाहरण कुणी काढायच्या आत सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले पाच सर्व्हर बसले, सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला. सरकारनं राज्यसभेत कारण दिलं ते नेटवर्कची नीट विभागणी नसल्याचं. आधी ते करा की.

सर्व्हरवाला
सर, तुमचा लॅपटॉप नोंदवून घेतला की संध्याकाळी एकदा कोड टाकायचा, पहाटे विचारणार नाही. नेटवर्कचं तुमचं खरं आहे. पण ते होईपर्यंत दार उघडं ठेवायचं?

सिस्टर_शाहूपुरी
फोन माझा, रिचार्ज माझा, ॲप हॉस्पिटलचं. हे कुणी विचारलं का? ड्युटीचा तक्ता मी घरून भरते, म्हणजे मीही यात आले. माझ्या फोनमध्ये पोराच्या शाळेचे व्हिडिओ मावत नाहीत. आणि २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद, स्टाफ गावाकडं अडकलेला. असल्या वेळीच घरून लॉगिन लागतं, आणि असल्या वेळीच रेंज जाते. मेसेज आलाच नाही तर?

तीस_सेकंद
सिस्टर, मेसेजची भानगडच नाही यात. ॲप सुरू करताना एक गुप्त आकडा फोनमध्ये साठवतात. तो आणि घड्याळ यांच्यावरनं फोन स्वतःच दर तीस सेकंदांनी कोड बनवतो. सर्व्हरही तेच गणित करतो. सिमकार्ड काढून ठेवलं तरी चालतं. फक्त फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे. मात्र स्वतःच्या फोनचा मुद्दा सोडू नका. ज्यांना नको त्यांना हॉस्पिटलनं यूएसबीची किल्ली (कॉम्प्युटरला खोचली की कोडचं काम करणारी छोटी वस्तू) द्यावी, स्वतःच्या खर्चानं.

कावळा_नाका
सगळे सभ्यपणे बोलताय, मी खरं बोलतो. माझा पासवर्ड माझ्या क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टकडं आहे. मी दुपारी ओटीत असतो, तेव्हा ती माझ्या लॉगिननं रिपोर्ट काढते, डिस्चार्ज समरी भरते. शहरात कितीतरी कन्सल्टंटचं असंच चालतं. कोड आला की ती मला ओटीत फोन करणार आणि मी हातमोजे काढून आकडे सांगणार? नियम करणारे कधी ओपीडीत बसलेत का?

रात्रीचा_रिपोर्ट
मी कोडच्या विरोधातच आहे, पण हे ऐकून अंगावर काटा आला. उद्या त्या समरीत औषधाचा डोस चुकला तर कोर्टात नाव तुमचं, सर. रेकॉर्ड सांगणार की तुम्हीच भरलं.

सर्व्हरवाला
आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती सांभाळायची वाजवी व्यवस्था केली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. रिसेप्शनिस्टला तिच्या नावाचं लॉगिन देतो. मसुदा ती भरेल, मंजुरी तुमची.

कावळा_नाका
द्या की मग. अर्ज करून दमलो होतो, म्हणून तर पासवर्ड दिला. हे आधी केलं असतं तर कोडवरनं एवढा वाद झालाच नसता.

तीस_सेकंद
एक सांगून ठेवतो. कोडऐवजी फोनवर नुसतं 'होय' दाबून लॉगिन मंजूर करायची सोय ठेवू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाला अशा विनंत्या एकामागून एक येत राहिल्या, शेवटी त्यानं एक मंजूर केली आणि चोर आत. कोडसुद्धा कुणी 'आयटीतून बोलतोय' म्हणून विचारून घेऊ शकतो. केवायसीच्या नावानं फसलेली माणसं काय कमी आहेत? यूएसबी किल्ली फोनवर वाचून दाखवता येत नाही, म्हणून ती बरी.

रात्रीचा_रिपोर्ट
ठीक. पण रात्री फोन फुटला, किल्ली गाडीत राहिली, तर? तुमचा आयटीवाला सकाळी दहाला येतो.

सर्व्हरवाला
कॅज्युअल्टीत सीलबंद लिफाफ्यात एक आणीबाणीचं लॉगिन ठेवतोय, फक्त स्कॅन उघडण्यापुरतं. ड्युटीवरचा डॉक्टर सील फोडून तुम्हाला फोनवर देईल, वहीत नोंद करेल, सकाळी आम्ही ते बदलू.

रात्रीचा_रिपोर्ट
म्हणजे शेवटी पासवर्ड फोनवर सांगायचाच! लिफाफ्याची तालीम एकदा रात्री करून दाखवा, मग बोलू.

सिस्टर_शाहूपुरी
तालीम माझ्या रात्रपाळीला ठेवा. आणि मला ॲप नको, किल्ली पाहिजे.