यूट्यूब चॅनलवाला पत्रकार नाही का? पोलीस ठाण्यात एनसी घेऊन परत पाठवलं

नदीकाठ:
नमस्कार, कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. चार वर्षं झाली तालुक्याच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनल चालवतोय, पाणी, रस्ते, शाळा, शूटिंग एडिटिंग सगळं मीच. मागच्या आठवड्यात रात्री नदीतला वाळू उपसा शूट करत होतो तर दोघांनी येऊन कानाखाली मारली, मोबाईल दगडावर आपटला. ठाण्यात म्हटलं पत्रकार संरक्षण कायदा लावा, तर म्हणे नियुक्तीपत्र दाखव नाहीतर अधिस्वीकृती (सरकारमान्य पत्रकाराचं कार्ड) दाखव. माझ्याकडे दोन्ही नाही. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद (कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास नाही), लिहिली आणि घरी पाठवलं. मग चार वर्षं मी करतोय ते काय आहे?

काळा_कोट:
दादा, अधिस्वीकृतीची अट त्या 2017 च्या कायद्यात नाहीच, ते कार्ड सरकारी सवलतींसाठी असतं, एवढं ठामपणे सांगा त्यांना. खरी अडचण व्याख्येत आहे. पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय पाहिजे आणि माध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटी नेमणूकही पाहिजे. यादीत वार्ताहर, कॅमेरामन, व्यंगचित्रकार, अगदी मुद्रितशोधकपण आहे, पण स्वतःच्या चॅनलचा स्वतःच बातमीदार असलेला माणूस नाही. आणि फरक केवढा पडतो बघा, त्या कायद्यात हल्ला दखलपात्र, अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, तपासही डीवायएसपी दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. तीच कानाखाली साध्या नागरिकाला बसली की एनसी.
पण एनसीवर थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 174 खाली मॅजिस्ट्रेट तपासाचा आदेश देऊ शकतात, वकील घेऊन अर्ज करा. फुटलेला मोबाईल आणि त्याचं बिल जपून ठेवा.

डेस्कवरचा:
मी दैनिकात आहे, दुसरी बाजूपण सांगतो. बूम (चॅनलचा माईक) घेऊन दुकानदारांकडून पैसे उकळणारे आमच्या जिल्ह्यात आहेत, त्यांना हे संरक्षण द्यायचं का हा प्रश्न मला खरंच पडतो. पण त्यासाठी खंडणीचं कलम आहेच की. आणि नियुक्तीपत्राचं म्हणाल तर आमचे निम्मे तालुका प्रतिनिधी मानधनावर, कागद एकाकडेही नाही, त्यांना मारलं तर तेही ह्याच फटीत सापडणार. 2023 च्या फेब्रुवारीत राजापूरला शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घातली, रिफायनरीबद्दल लिहीत होते, जीव गेला त्यांचा. जिवावर बेततं ते गावातल्याच बातमीदाराच्या, मुंबईत एसीत बसलेल्या माझ्या नाही. मारलं तेव्हा तो बातमी गोळा करत होता का, एवढंच बघावं, पगार कोण देतं ते नको.

सातारकर_७२:
डेस्कवरचा यांच्याशी सहमत. आपल्या घटनेत प्रेस हा शब्दच नाही, 19(1)(क) मध्ये भाषण आणि अभिव्यक्ती आहे आणि ती प्रत्येक नागरिकाची. 1948 मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हेच सांगितलेलं की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळा असा कुठला खास हक्क नाही, संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच. म्हणजे बोलायचा हक्क सगळ्यांना आणि बोलल्यावर मार बसला की संरक्षण फक्त नोकरीवाल्याला, हे मला पटतच नाही.

नदीकाठ:
सगळ्यांचे आभार. वकिलाशी बोललो, सोमवारी कोर्टात अर्ज टाकतोय. मोबाईल गेला पण व्हिडिओ ड्राइव्हवर चढला होता, पहिली 2 मिनिटं वाचलीत, त्यात ट्रॅक्टरचा नंबर स्पष्ट दिसतोय.