गरम गाडी परत चालू केली की लीन जाते
गरम गाडी १० मिनिटं बंद ठेवून परत मारली की लीन जाते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) म्हणून तू अख्खं फ्यूएल टेबलच (किती पेट्रोल सोडायचं तो तक्ता) वाढवलंस, अरे तसं नको करू. माझंही सेम झालेलं, मे महिन्यात सिंहगड रोडला ट्रॅफिकमधे अडकलो, बॉनेटखाली नुसती भट्टी, आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर दाखवतोय ७० अंश आणि आत येणारी हवा फार तर ४०. मग ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) वाटतं हवा विरळ झाली, तो पेट्रोल कापतो, केल्विनमधे ३१३ भागिले ३४३ करून बघ, सरळ ९ टक्के कमी, वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) १६, म्हणजे एक भाग पेट्रोलला १६ भाग हवा! एअर टेम्परेचर करेक्शनचा कर्व्ह (हवा तापली की पेट्रोल किती कापायचं तो) ५० अंशांच्या पुढे जरा सपाट कर, पूर्ण काढू नको, नाहीतर खरंच तापलेल्या हवेत रिच होईल, म्हणजे पेट्रोल जास्त पडेल. आणि सेन्सर मेटलच्या मॅनिफोल्डमधे (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) असेल तर आधी तो काढून एअर फिल्टरनंतरच्या प्लास्टिक पाइपात बसव, माझं निम्मं दुखणं तिथंच गेलं.