शब्दचर्चा : आई लेकीत आणि लेक आईत, याला मराठीत म्हणायचं काय?

धागाकर्ती :
आमच्या वाचनालयात मे महिन्याच्या सुट्टीत मुलं आणि पालक यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवतात. यंदा 'फ्रीकी फ्रायडे' ठरलाय, २००३ चा, जेमी ली कर्टिस आणि लिंडसे लोहान यांचा. माहितीपत्रक मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट सोपी आहे. मानसोपचारतज्ज्ञ आई दुसऱ्या लग्नाच्या तयारीत, मुलगी गिटारच्या नादात, दोघींचं पटत नाही. चिनी हॉटेलात भांडण होतं, भविष्य लिहिलेली बिस्किटं हाती येतात आणि शुक्रवारी सकाळी आई मुलीच्या शरीरात, मुलगी आईच्या.

मी लिहिलं, 'माय-लेकींच्या आत्म्यांची अदलाबदल होते.' ग्रंथपालबाईंनी वाचून विचारलं, "भुताचा आहे का? लहान मुलं आहेत हो." मग 'आत्मा' खोडला. 'शरीरांची अदलाबदल' लिहिलं तर ते शस्त्रक्रियेसारखं वाटतंय. एक सुटसुटीत शब्द हवाय. आहे का?

एक वाचक :
आहे की, परकायाप्रवेश. इतका जुना शब्द हाताशी असताना शोधाशोध कशाला?

धागाकर्ती :
तोच आधी आठवला होता. पण कुठेतरी अडतंय. 'प्रवेश' म्हटलं की एकजण आत शिरतो. इथे दोघी शिरल्यात आणि दोघी हाकलल्याही गेल्यात.

संस्कृत शिकवणारी :
तुमचं अडणं बरोबर आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात या सिद्धीला 'परशरीरावेश' म्हटलंय, पण कथांमध्ये ती वापरली जाते तेव्हा समोरचं घर बहुतेक रिकामं असतं. शंकराचार्यांच्या आख्यायिकेतला अमरुक राजा आधीच मेलेला आहे. नवनाथांच्या पोथीतले मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात जातात, तोही मेलेलाच. कथासरित्सागरात इंद्रदत्त मेलेल्या नंद राजाच्या शरीरात शिरतो, का तर गुरुदक्षिणेसाठी सोनं मिळवायचंय. त्याचं स्वतःचं शरीर त्याचा सोबती व्याडी राखत बसतो. शकटाल मंत्र्याला संशय येतो आणि तो राज्यातली सगळी प्रेतं जाळायला लावतो. इंद्रदत्ताचं शरीरही त्यात जातं. बिचारा कायमचा राजा होऊन अडकतो, योगानंद म्हणून.

म्हणजे परकायाप्रवेशातली भीती वेगळी आहे. आपलं मागे राहिलेलं घर कुणी जाळू नये, ही. तिथे पहारेकरी लागतो. तुमच्या सिनेमात दोन्ही घरांत बिऱ्हाड आहे. मालक तेवढे बदललेत, आणि दोघींनाही दुसरीची शाळा, दुसरीचं ऑफिस निभवायचंय. विनोद त्या निभावण्यातून येतो.

खरी दुहेरी अदलाबदल मात्र आपल्याकडे जुनी आहे. 'भगवदज्जुकम्' हे प्रहसन. कुणी ते बोधायनाचं म्हणतात, कुणी पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं; मामंडूरच्या शिलालेखात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे सातव्या शतकापर्यंत तरी ते जातंच. एक परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, आणि त्याचा खादाड शिष्य शांडिल्य बागेत बसलेत. तिथे वसंतसेना नावाची गणिका येते. यमदूत साप होऊन तिला चावतो, पण चुकीच्या वसंतसेनेला, न्यायची दुसरीच होती. शिष्याला धडा द्यायला गुरुजी तिच्या मृत देहात शिरतात. यमदूत चूक सुधारायला परत येतो, बघतो तर कुडी भरलेली! मग तो गणिकेचा जीव गुरुजींच्या रिकाम्या देहात घालून मोकळा. पुढचा गोंधळ तुम्हीच ताडा. गणिका वैराग्य सांगते आणि संन्यासी प्रियकराला हाका मारतो.

आता शब्द बघा. अशा दोन देही माणसाला काय म्हणायचं हा प्रश्न शांडिल्यालाही पडतो. हे धड भगवान नाहीत, धड अज्जुकाही नाही, तेव्हा हे भगवदज्जुक झालं, असं तो म्हणतो. 'अज्जुका' म्हणजे नाटकात गणिकेला हाक मारायचा आदरार्थी शब्द. क्रियेला नाव शोधण्याऐवजी त्याने दोन माणसांचा समास करून टाकला. तुम्हीही 'मायलेक' म्हणून मोकळ्या व्हा!

धागाकर्ती :
हे भारीच आहे. पण पत्रकात 'मायलेक झालं' लिहिलं तर लोक म्हणतील, आधी नव्हत्या का?

आणखी एक वाचक :
'कायापालट' का नको? कायाही आहे, पालटही आहे.

धागाकर्ती :
कारण तो शब्द आता बसस्थानकांचा झालाय. 'आई आणि मुलीचा कायापालट' वाचून लोक ब्यूटी पार्लरचा कार्यक्रम समजतील.

तेच वाचक :
मान्य. मग 'देहांतर'? वेषांतर, स्थलांतर, भाषांतर यांच्या रांगेत छान बसतो.

संस्कृत शिकवणारी :
गीतेने तो आधीच पटकावलाय. दुसऱ्या अध्यायातल्या 'देहान्तरप्राप्ती'मुळे जाणत्या वाचकाला तो मेल्यानंतरचा देह वाटतो. ग्रंथपालबाई पुन्हा विचारतील.

आजोळचे शब्द जपणारा :
वर संस्कृतच्या बाईंनी सहज 'कुडी' लिहिलं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मराठीत जीव राहतो तो कुडीत. 'कुडीत प्राण आहे तोवर', 'कुडी सोडली' हे आपण आजही म्हणतो. शरीर म्हटलं की डॉक्टर आठवतो, देह म्हटलं की कीर्तनकार. कुडी म्हटलं की राहायची जागा. म्हणून माझं मत 'कुडीबदल'. घरबदल म्हणतो तसा.

धागाकर्ती :
ऐकून एकदम आवडला. घरी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कुणाच्या कुड्या बदलल्या? मोत्यांच्या का?" कानातल्या कुड्या डोळ्यांपुढे आल्या तिच्या. आणि माय-लेकींच्या गोष्टीत तो अर्थ जास्तच चिकटतो, कारण कानातलं तर दोघी एकमेकींचं घालतातच. माझ्या पुतण्याचा तिसराच अर्थ. त्याला पंजाबी गाण्यांमुळे 'कुडी' म्हणजे मुलगी एवढंच माहीत. 'कुडीबदल' म्हणजे मुलगी बदलून दुसरी आणली, असा त्याचा समज.

आजोळचे शब्द जपणारा :
पुतण्याला मराठी शिकवा. शब्द का टाकताय?

एक वाचक :
आपण नामाच्या मागे लागलोय, पण या गोष्टीत मराठीची खरी पंचाईत क्रियापदात होते. मी थोडं डबिंगचं लिखाण करतो. माय-लेकी किंवा बाप-लेक असतील तर चालून जातं. वडील आणि मुलगी यांची अदलाबदल झाली की पहिल्याच वाक्याला बिंग फुटतं. इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरक नाही. आपल्याकडे मुलगी वडिलांच्या तोंडून 'मी उठले' म्हणाली की स्वयंपाकघरातली आई वळून बघणार.

'युअर नेम' हा २०१६ चा जपानी सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. मुलगी मुलाच्या शरीरात असते आणि मित्रांपुढे स्वतःला 'मी' कसं म्हणावं तेच तिला सुधरत नाही. वाताशी, वाताकुशी, बोकू, ओरे, असं एकेक करून बघते. जपानीत मुलामुलीचे 'मी' वेगळे. आपला 'मी' सगळ्यांचा सारखा, चहाडी करतं ते क्रियापद.

तरी पळवाटा आहेत. 'मी जाईन' दोघांना सारखंच. 'मी पाहिलं, मी केलं, मी पोळी खाल्ली' यांतही कळत नाही, कारण क्रियापद कर्माकडे बघतं. 'मला कळलं, मला भूक लागली' हेही सुरक्षित. पण सावध! 'मी विसरलो', 'मी चहा प्यायले' इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याचं ऐकतं. अंगबदल झालेल्या माणसाने मराठीत जमेल तितकं भविष्यकाळात बोलावं आणि चहा पिऊन झाल्यावर गप्प बसावं.

कोल्हापूरकर :
आमच्याकडं काही अडचण न्हाई. आमच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हंत्यात. बापाच्या अंगात पोरगी शिरली तर आठवडाभर कुणाला पत्ता लागणार न्हाई.

संस्कृत शिकवणारी :
कोल्हापूरकर, दंडवत!
डबिंगवाल्यांच्या मुद्द्याला जोड : 'भगवदज्जुकम्'मध्ये हाच प्रश्न सोडवलाय. नाटकात गणिका प्राकृत बोलते, परिव्राजक संस्कृत. अदलाबदल झाल्यावर भाषा जिवाबरोबर जाते. गणिकेच्या तोंडून संस्कृत आणि संन्याशाच्या तोंडून प्राकृत ऐकू येतं. म्हणून तुमच्या मुलीने वडिलांच्या तोंडून 'मी उठले' म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. बिंग फुटायलाच हवं, हसायचं तिथेच आहे.

धागाकर्ती :
माझ्या सिनेमात दोघी बायका, त्यामुळे 'उठले'ची चिंता नाही. पण संबोधनं बघा ना. मुलगी आईच्या शरीरात आहे आणि समोर आईचा होणारा नवरा. इंग्रजीत ती त्याचं नाव घेऊन वेळ मारून नेते. मराठीत करायचा झाला तर तिला 'अहो' म्हणावं लागेल! ते एक 'अहो' पंधरा वर्षांच्या मुलीच्या जिवावर येईल. तो विनोद मूळ सिनेमाला कधीच जमणार नाही. आणि आई मुलीच्या शरीरात शाळेत गेली की शिक्षिकेला 'अगं' म्हणून बसणार.

एक वाचक :
वडील-मुलाच्या प्रकाराची मूळ इंग्रजी कादंबरी १८८२ ची, 'व्हाइस व्हर्सा'. लेखक एफ. ॲन्स्टी. तिच्यातला जादूचा दगड भारतातून आलेला आहे, गरुड दगड. मुलाला वसतिगृहाच्या शाळेत परत धाडताना वडील सहज म्हणून जातात की मलाही तुझ्यासारखं मूल व्हायला आवडेल. दगड हातातच असतो, तो शब्दशः ऐकतो. वडील हुबेहूब मुलासारखे दिसू लागतात. मग मुलगा दगड घेतो आणि वडिलांचं रूप मागून घेतो.

बारकाईने पाहिलं तर इथे जीव कुठेच गेला नाही. आधी एकाचं रूप पालटलं, मग दुसऱ्याचं. मधली काही मिनिटं त्या खोलीत एकाच चेहऱ्याची दोन मुलं होती. म्हणजे हा परकायाप्रवेश नाही आणि अदलाबदलही नाही. हे दोन वेगवेगळे रूपपालट, एकमेकांच्या अंगावर पडलेले. आपण सगळ्याच सिनेमांना एक शब्द शोधतोय, पण प्रकार एक नाही.

आणखी एक वाचक :
बाप-लेकाच्या अदलाबदलीत ययाति-पुरू कसे कुणाला आठवले नाहीत? यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू सगळे नाही म्हणाले, पुरूने बापाचं म्हातारपण घेतलं आणि तारुण्य दिलं.

संस्कृत शिकवणारी :
आठवला होता, मुद्दाम टाळला. तिथे ज्याचा देह त्याच्याकडेच राहतो, वय तेवढं इकडचं तिकडे होतं. आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. शेवटी 'अदलाबदल'च ठेवली, पण कशाची ते सांगितलंच नाही. आत्माही नाही, शरीरही नाही. पत्रकातलं वाक्य असं : 'शुक्रवारी सकाळी जाग येते तेव्हा माय-लेकींची अदलाबदल झालेली असते. आईला शाळेत जायचंय आणि मुलीला लग्नाला उभं राहायचंय.' ग्रंथपालबाईंनी मान हलवली. त्यांनाही कळलं, म्हणजे कळतं.

शुक्रवार तसाच ठेवलाय. इंग्रजांचा शुक्रवार तेरा तारखेमुळे बदनाम, आपला श्रावणातला शुक्रवार जिवतीचा. त्या दिवशी आई मुलांना ओवाळते. मायलेकींच्या उलथापालथीला यापेक्षा चांगला वार मिळणार नाही, म्हणून नावाचं भाषांतरच केलं नाही.

कोल्हापूरकर :
त्याचा पुढचा भाग २०२५ ला आलाय. त्यात आजी, आई, मुलगी आणि होणारी सावत्र बहीण, चौघी इकडच्या तिकडं. त्याला काय म्हणायचं? खो-खो?

आजोळचे शब्द जपणारा :
खो-खोत एक उठतो तेव्हा दुसरा बसतो, साखळी असते. इथे आई आणि तिची मुलगी एक जोडी, आजी आणि ती दुसरी पोरगी एक जोडी. दोन फुगड्या म्हणा.

धागाकर्ती :
फुगडी! हा शब्द पहिल्या दिवशी का नाही दिलात? पत्रकं छापून झाली हो.